टेस्टरच्या टाकीतला तांदूळ

आज दुकानात त्या नव्या पोरीला कुणीतरी म्हणालं, "टिकली सांभाळ गं, आजीचं कुंकू व्हायचं," आणि सगळे हसले. मी नातवाचा डबा घेऊन दारात उभी. पोरगी आयटीआय करून आलेली, डोक्याला टोपी, हातात मोजे, मान खाली घालून आपलं काम करत होती. तीही हसली, पण हात कपाळाकडं गेला तिचा. तुमच्या दुकानात इंजिनाच्या नोझलमध्ये काहीही सापडू दे, गंज असू दे नाहीतर धूळ, त्याला आजीचं कुंकू म्हणतात, मामंजी. ती आजी म्हणजे मी, हे निम्म्यांना ठाऊकसुद्धा नाही. मी वळले, तसा नातू मागं पळत आला. "आजी, मनावर घेऊ नको, जुनी गंमत हाय." मी म्हटलं, "ज्याची गंमत केली त्याला इचारलंस का?" डबा त्याच्या हातात दिला आणि चालत घरी आले, रिक्षासुद्धा केली नाही. आता लिहायला बसलेय. चौथीपर्यंत शिकलेल्या सुनेचं अक्षर आहे, वाचायला त्रास झाला तर होऊ दे. कसे आहात ते विचारणार नाही. मेलेल्या माणसाला काय विचारायचं.

मी वैरागहून या घरात आले तेव्हा सात रस्त्याच्या मागच्या बोळात तुमचं दुकान होतं. पुढं पत्रा, मागं काचेच्या खिडकीची छोटी खोली. दुष्काळ नुकता सरला होता. ज्याच्या विहिरीला पाणी लागलं तो डिझेल इंजिन बसवत होता आणि इंजिनं बिघडली की पंप आणि नोझल तुमच्याकडं येत होते. तुमच्या मुलाचं या कामात मन नव्हतं, तो गिरणीत लागला. तुमची बोटं आखडत चालली होती. नोझलची सुई तुमच्या हातून दोनदा खाली पडलेली मी बघितली, आणि तिसऱ्या वेळी तुम्हीच हाक मारलीत, "सूनबाई, हात धुऊन ये गं जरा." तशी मी त्या खोलीत गेले. मी मागितलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

पहिला दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. तुम्ही नोझल तपासायच्या टेस्टरचा दांडा दाबताय, नोझलमधून डिझेलचा धूर उडतोय, धुक्यासारखा. मला वाटतं हात लावून बघावा, किती गार आहे. तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारताय. "त्याच्याम्होरं हात न्यायचा न्हाय. येवढा दाब हाय की कातडं फोडून आत जातंय. वरनं टाचणी टोचल्यागत दिसंल आन् आतनं हात सडंल." फटका लागला, पण शहाणपणाचा होता, त्याची तक्रार नाही. मग तुम्ही शिकवलंत. सुई आणि तिचं घर ही जोडी एकत्रच घडवलेली असते, एकीची सुई दुसरीच्या घरात घालायची नाही. दोघांच्या मध्ये केस मावत नाही. डिझेलमध्ये बुडवून सुई थोडी वर उचलायची आणि सोडायची, आपल्या वजनानं सावकाश आत उतरली तर चांगली. दांडा मारल्यावर नोझल चिरकला पाहिजे, "बोलला" म्हणायचात तुम्ही. नुसता थेंब गळाला तर इंजिन काळा धूर ओकणार. मला तो आवाज लवकर कळायला लागला. भाकरी फुगली की तव्याजवळ न बघता कळतं, तसा. तुम्ही बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत असलात तरी आतून मी सांगायची, "मामंजी, ह्यो मुका हाय," आणि तुम्ही बघायलाही येत नव्हतात.

सासूबाईंना हे खपलं नाही. काचेच्या बांगड्यांचा टवका पडेल म्हणून तुम्ही त्या काढायला सांगितल्यात, तर त्या उंबऱ्यात येऊन उभ्या. "नवरा जित्ता हाय आन् सुनंचे हात रिकामे? बाजारातलं काय म्हणतील?" शेवटी तुम्ही सायकलच्या ट्यूबचं कडं कापलंत. बांगड्या कोपरापर्यंत चढवायच्या आणि वर ते कडं. कुंकवाचंही तसंच. आधी कपाळाला मेण, वर कुंकू दाबून बसवायचं, आणि खोलीत शिरायच्या आधी तुम्ही स्वतः ओल्या फडक्यानं कडा पुसून घ्यायला लावत होतात. घाम आला तरी माझं कुंकू हलत नव्हतं. सोलापूरच्या उन्हात हलत नव्हतं. हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आणि मग ती खंडेनवमी. आदल्या संध्याकाळी मी सगळी हत्यारं धुतली, टेस्टरच्या टाकीवर झाकण लावलं, खोलीला कडी घातली. टाकीतली गाळणी तुम्ही धुवायला काढली होती. ती काढायची आणि बसवायची तुम्हीच, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा तुमचाच नियम. सकाळी मी चुलीपाशी पुरण शिजवत होते. पूजा तुम्ही केलीत. पान्ह्यांना, पक्कडींना हळद-कुंकू लावलंत, झेंडूच्या माळा घातल्यात. आणि टेस्टरवर तुमचा जीव, त्याला नुसतं वरून कुंकू लावून तुमचं समाधान होईना. तुम्ही झाकण उघडलंत आणि चिमूटभर आत टाकलंत, देवाच्या तोंडात नैवेद्य घालावा तसं. वर अक्षता. जन्मभर दुसऱ्याला नोझलवर फुंकरही मारू न देणारा माणूस. झाकण लावलंत, गाळणी तशीच दोरीवर राहिली.

दसरा झाला, दुकान उघडलं. अकलूजच्या बागायतदाराचे नोझल तयार व्हायचे होते. मी ते त्याच टेस्टरवर तपासले, सगळे बोलले, तो घेऊन गेला. काही दिवसांत तो परत आला, तोंड लाल करून. इंजिनं धूर ओकत बंद पडलेली, ऊस पाण्यावाचून उभा. पुढच्या पत्र्याखाली गिऱ्हाईक जमलेलं. तो म्हणाला, "मिस्त्री, मशीनवर बाईमाणूस बसवताय म्हनं? मग दुसरं काय व्हनार?" तुम्ही नोझल खोललात. सुईवर लाल चिकटलेलं. तुम्ही ते बोटावर घेतलंत, बघितलंत, आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "हिच्या कपाळाचं पडलं असंल." सगळ्यांसमोर. एक माणूस हसला. आजचं हसू तिथून निघालंय, मामंजी, तिथून इथवर चालत आलंय.

मी भांडले नाही. आत गेले आणि टाकी उघडली. तळाशी कुंकवाचा गाळ, झेंडूची पाकळी आणि एक तांदूळ, डिझेल पिऊन पिवळा झालेला. गिऱ्हाईक गेल्यावर तो तळहातावर घेऊन तुमच्यापुढं धरला. "मामंजी, माझ्या कपाळावर काय तांदूळ उगवत्यात?"  तुम्ही तांदूळ उचललात, सदऱ्याच्या खिशात टाकलात, आणि म्हणालात, "गप ऱ्हा पोरी. मिस्तरी चुकला म्हनलं तर दुकान बसतंय. सून चुकली म्हनलं तर सून घरात बसती, दुकान चालतंय." हिशोब बरोबर होता तुमचा. दुकान चाललं. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत मी गेले नाही, तुमच्या हाताखाली एक मेकॅनिक आला, ज्याला बोलका आणि मुका नोझल कळायला वर्ष लागलं. आणि आठवड्यात घरी हातगाडीवरून शिवणयंत्र आलं. सासूबाई खूश. "बघ, मामंजींनी तुला बायकी मशीन आनलं." मी त्यावर गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवली, पोरांची शिक्षणं केली. चांगलं मशीन आहे, अजून चालतंय. पण मी ते मागितलं नव्हतं, आणि मी जे मागत होते ते तुमच्या खिशात होतं.

तुम्ही गेलात तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं. तुमचा मुलगा हात जोडून म्हणाला, दुकान बंद पडू देणार नाही. कावळे कडुलिंबावर बसून राहिले. म्हणाला, आईला अंतर देणार नाही. एकही खाली येईना. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी करायला लागले. मागं बायकांत मी उभी होते आणि मला तुमचा जीव कुठं अडकलाय ते दिसत होतं. पुढं झाले, पदर तोंडाशी धरला, हळूच म्हटलं, "तांदळाचं कुनाला सांगनार न्हाय." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला आणि पिंडाचा भात चोचीत घेऊन गेला. सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. मेल्यावरसुद्धा तुम्ही माझ्याकडूनच शब्द काढून घेतलात.

तो शब्द मी पाळला. नवऱ्यालाही सांगितलं नाही, तोही आता तुमच्याकडं आहे, विचारा त्याला. माझ्यापुरतं असतं तर आणखी पाळला असता. पण आज त्या पोरीचा हात कपाळाकडं गेला. नवीन इंजिनातला दाब तुमच्या वेळेपेक्षा किती पटीनं वाढलाय म्हणे, कॉम्प्युटर सांगतो नोझलनं कधी फवारायचं. तरी पहिली घाण निघेल तेव्हा ती तिच्या टिकलीवर जाणार, कारण तुम्ही तशी वाट पाडून ठेवली आहे. खंडेनवमी जवळ आलीय. नातू तुमचा फोटो मोठा करून काचेच्या खोलीबाहेर लावणार आहे. त्याच्यापुढं उभं राहून मी तांदळाची गोष्ट सांगणार आहे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, शिवणयंत्राच्या खणात ठेवतेय. त्या खणात एक टाकाऊ सुई आणि तिचं घर आहे, तुम्हीच भंगारात टाकलेली जोडी. कुणी नसलं की मशीनच्या तेलात बुडवते, वर उचलते आणि सोडते. अजून आपल्या वजनानं उतरते.

शब्द तुम्हाला दिला होता, तेव्हा त्यातून मला सोडवायचंही तुम्हीच. खंडेनवमीच्या आधी पितृपक्षात पान ठेवीन, तेव्हा काय ते सांगा. सासूबाईंना पुढं करायचं नाही, मुलाला पाठवायचं नाही, आणि कावळ्याला तर मुळीच नाही. स्वतः यायचं.