तुमचे चिरंजीव आणि माझं नाक

तीर्थरूप मामा,

सूज उतरत आलेल्या उजव्या हाताने नमस्कार. तुमचा खोकला आणि मामींची कंबर आटोक्यात असेल. माझं विचाराल तर नाक जागेवर आहे, पण मध्यभागी नाही.

तुमचे चिरंजीव ढब्बू ऑलिंपिक गाजवून व्यावसायिक मुष्टियोद्धे झाले, हे गावभर सांगून झालंच असेल. (निवड चाचणीत मी त्याच्याकडून एकाच गुणाने हरलो, हे कुणी सांगत नाही. असो.) आता त्याला रेशमी झगा आहे आणि झगा धरायला वेगळा माणूस आहे. मी सरावातला जोडीदार, म्हणजे रोज सकाळी मार खायला पगारावर ठेवलेला आतेभाऊ. वाळूच्या पोत्यावर पहिला ठोसा मारायला त्याला शिकवलं कुणी? मीच ना? जळतो का म्हणाल, तर जळतो. लपवून काय करू?

पहिल्या व्यावसायिक लढतीचंच ऐका. ऑलिंपिकात तीन फेऱ्या, इथे सहा. तिसरी संपली आणि आपला गडी जुन्या सवयीने निघाला समोरच्याच्या गुरूशी हात मिळवायला. मग पंचाशेजारी जाऊन उभा राहिला, निकाल ऐकायला. मी खालून ओरडतोय, अरे बाबा, अर्धीच झालीये. समोरच्याला वाटलं, हा आपल्याला हिशेबातच धरत नाही. चौथ्या फेरीत तो चवताळून अंगावर आला आणि एका ठोशात आडवा झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर 'केवढा हा आत्मविश्वास!' आता दर लढतीत तिसऱ्या फेरीनंतर हात मिळवायचाच, असा आयोजकाचा हुकूम आहे. (हीच चूक मी केली असती तर मला घरी बसवलं असतं. आंधळ्याच्या गायी देव राखतो, दुसरं काय.)

तर मुद्दा असा. पुढच्या लढतीतला प्रतिस्पर्धी आजारी पडला, आणि आयोजक मला म्हणाला, तूच उभा राहा. मामा, मी चौतीस वर्षांचा झालो. त्या एका गुणाचा हिशोब चुकता करायची ही शेवटची संधी. पण चिरंजीव म्हणतात, दादावर मी हात उचलणार नाही. मग रोज सकाळी काय उचलतो, पाय?

आपला भाचा

ता. क. : त्याला दटावून होकार घ्या. तुमचा शब्द तो मोडत नाही. आणि सांभाळून मारू नकोस, असंही बजावा.

ता. क. २ : आठ वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली आहे. दमला की त्याचा डावा हात खाली येतो आणि हनुवटी उघडी पडते. ती जागा मी माझ्यासाठी राखून ठेवली होती. लढत झाली की सांगा त्याला.

ता. क. ३ : लढत दुसऱ्याच कुणाशी ठरली तर? नको, आजच सांगा. मी सांगितलं म्हणू नका.