वाचनकक्षातील टोपीवाल्या बायकांबाबतची तक्रार मागे घेण्याविषयी

प्रति,
मा. प्रमुख ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय.

विषय : पहारेकऱ्यास निर्दोष ठरवून कामावर परत घेण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराची तक्रार व तीवरून पहारेकऱ्यास काढल्याचा आपला आदेश.

महोदय,

१. अर्जदार वाचनालयासमोरच्या इमारतीत राहतो. वाचनालय बंद झाल्यावरही पहारेकरी आपल्या ओळखीच्यांना वाचनकक्षात बसवतो, अशी तक्रार त्याने केली होती. उंच टोप्या घातलेल्या दोन बायका खिडकीशी बसतात, असे वर्णनही दिले होते. पहारेकरी आपल्यासमोर, "साहेब, आत चिटपाखरूही नव्हतं," असे परोपरीने सांगत राहिला. तरी अर्जदाराच्या तपशीलवार वर्णनापुढे तो खोटा ठरला.

२. पुढे त्याच बायका अर्जदाराच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसलेल्या दिसल्या. त्याने सुनेला विचारले, "चहा किती जणांचा टाकलास?" ती म्हणाली, "बाबा, आपण दोघंच तर आहोत!" तिने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजल्याचे त्यांनी सांगितले. "आजोबा, डोकं ठणठणीत आहे तुमचं. डोळे पुरेसं काही पाठवत नाहीत, म्हणून मेंदू पदरचं भरतो. ही माणसं बोलणार नाहीत. दिसली की डोळे झरझर डावीउजवीकडे फिरवा, नाहीतर हात लावून बघा." याहून वेगळा उपचार नाही.

३. अर्जदाराने त्याच दिवशी आपणास कळवायला हवे होते. लोक म्हणतील म्हातारा बहकला, या भीतीने तो गप्प बसला. या गप्प बसण्याला आजार जबाबदार नाही.

४. परवा दुपारी सून दार उघडे टाकून खाली गेली असता एक माणूस उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. अर्जदाराला सगळ्यांचे चेहरे मधोमध पुसल्यासारखे दिसतात, तसाच त्याचाही दिसला. तो काही बोलेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे अर्जदाराने डोळे डावीउजवीकडे फिरवले. माणूस जाईना. उठून हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून अर्जदाराने भिंग घेतले आणि पुस्तकात डोके घातले. थोड्या वेळाने उंबरा मोकळा दिसला, तेव्हा उपचार लागू पडला म्हणून त्याला बरेही वाटले.

५. सून वर आली ती रागातच. "बाबा, पहारेकरी जिन्यात भेटला. साहेबांकडे शब्द टाका, एवढंच सांगायला आला होता. म्हणाला, तोंड उघडायच्या आधीच आजोबा नजरेनं नको नको म्हणाले, आणि वाचत बसले."

६. तरी विनंती की, पहारेकऱ्यास सन्मानाने परत घ्यावे व शिक्षा द्यायचीच तर अर्जदाराचे सभासदत्व रद्द करावे. अर्जदाराच्या यापूर्वीच्या तक्रारीही पुन्हा तपासाव्यात. संदर्भग्रंथांच्या कपाटात झोपणारे मांजर खरोखर होते की नाही, हे आता तो छातीठोकपणे सांगू शकत नाही.

७. पहारेकऱ्याचे घर अर्जदारास ठाऊक नाही. आपण त्यास एकदा इकडे पाठवावे, आणि उंबऱ्याशी आल्यावर काहीतरी बोल, असे बजावावे. तोवर अर्जदार दार उघडे ठेवून बसला आहे. जो कोणी येऊन उभा राहील त्याची तो माफी मागतो. काल त्या दोघींचीही मागून झाली. नसलेल्यांची मागितली गेली तरी हरकत नाही, त्याची राहून जाऊ नये.

आपला नम्र व अपराधी,
(सही)
समोरच्या खिडकीतील सभासद
दिनांक : आजचा

सोबत : डॉक्टरीणबाईंचा दाखला. (अर्ज सुनेने वाचून पाहिला आहे.)