आधी आत्याचा डोळा

मलावी, ४ मार्च २०२४

ती. आत्यास,
देवयानीचा सा. न. वि. वि.

मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून जाड मार्करने लिहिते आहे. मी मजेत आहे. दवाखान्यात पगार नाही, पण काम भरपूर: सकाळी गोळ्या वाटायच्या, दुपारी ओसरीवरच्या शेळ्या हाकलायच्या.

एक घोळ झालाय. ऑगस्टमध्ये मोतीबिंदूचं शिबिर आहे. इथली रीत अशी, की पाहुण्याला पेज दिली तर घरच्या थोरल्या बाईने आधी घोट घ्यायचा, मग पाहुणा पितो. गोगो, म्हणजे गावाची आजी, हिने विचारलं की तुमच्या घरातली थोरली कोण, आणि तिने डोळा करून घेतला का. मी मूर्खासारखं खरं सांगितलं, की थोरली माझी आत्या, आणि तिचा मोतीबिंदू अजून तसाच आहे. आता आधी आत्याचा डोळा, मगच आमचे, म्हणून गोगो हटून बसली आहे आणि तिच्यामागे सगळं गाव. कोणीच आलं नाही, तर डॉक्टर परत इकडे फिरकणार नाहीत. तेवढं ऑपरेशन करून घे ना!

तुझ्या रागालाही लोभच समजणारी,
देवयानी

इंदूर, ६ एप्रिल

चि. देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

माझा मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, असं महूचे चिंतामणकाका म्हणतात. ते फौजेच्या कँटीनमध्ये होते, त्यांना सगळं माहीत असतं. शिवाय मला चांगलं दिसतं. रविवारी पोह्यांवर जीरावणाचा मसाला समजून कॉफी भुरभुरली, एवढंच. शेजारच्या भूषणभियांनी तर भोत बढिया म्हणून दोनदा मागून घेतले. कृष्णपुऱ्याच्या पुलावर तुझ्या मैत्रिणीच्या, शर्वरीच्या आईला मी बराच वेळ तुझं कौतुक ऐकवलं. ते पोलिसांचं बॅरिकेड होतं, असं शर्वरीचं म्हणणं.

खरं सांगू? मला टेबलावर झोपायची भीती वाटते. तुझी आई गेल्यापासून दवाखान्यात तुझा हात धरून जायची सवय लागली, आणि तो हात गेला आफ्रिकेत.

गोगोबाईंना नमस्कार. लोभ पाठवते, पार्सलाचा भरवसा नाही.
कुमुदिनीआत्या

मलावी, १२ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आंब्याखाली सगळ्या गावाला वाचून दाखवावं लागलं. बॅरिकेड तर दोनदा. गोगो म्हणाली की तिनेही एका वारुळाची खुशाली विचारली होती. भीती तिलाही वाटते, आणि धाकट्या नातवाचं तोंड तिने अजून नीट पाहिलेलं नाही. तिने कमरेच्या कापडाचा तुकडा फाडून दिला आहे. तिचा हात समजून तू तो धरायचास, असा निरोप आहे.

लोभाची गाठ कापडालाच मारली आहे.
देवयानी

इंदूर, २० जून

चि. देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

उजवा डोळा झाला. चिंतामणकाकांना न विचारता. नर्सबाई कापड सोडा म्हणाल्या, मी सोडलं नाही. घरी येऊन आधी तुझा फोटो पाहिला. किती वाळलीस गं! फार वाईट वाटलं. डावा डोळा आता तू परत आल्यावरच, हे पक्कं.

लोभ आहे, रागही आहे.
कुमुदिनीआत्या

मलावी, १८ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शिबिर झालं! गोगोने आधी उजवा डोळा करून घेतला. मग सगळं गाव रांगेत उभं राहिलं आणि प्रत्येकाला उजवाच हवा, कारण इंदूरच्या थोरलीने उजवा केला. ज्यांचा मोतीबिंदू डाव्या डोळ्यात होता, तेही उजवाच पुढे करत होते. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

डावे डोळे नोव्हेंबरात. गोगोने विचारलं, तुझी आत्या डावा कधी करणार? मी पुन्हा खरं बोलले. त्यावर ती म्हणाली, मग माझा डावा तू इथे राहिलीस तरच. आता तुम्हा दोघींमध्ये माझं भरीत झालंय. काय करू, तूच सांग.

लोभाच्या ओढाताणीत सापडलेली,
देवयानी

इंदूर, २५ सप्टेंबर

चि. देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस चिडले होते. तिसऱ्या दिवशी मनात आलं, तिथे माणसं माझ्यापायी अर्धवट आंधळी बसली आहेत, आणि मी इथे सेव खात बसले आहे. तुझी वाट पाहायची होती. फार पाहायची होती. पण काल कापड घेतलं, रिक्षा केली आणि डावाही करून आले.

काम संपेपर्यंत तू तिथेच राहा. मग ये. गोगोबाईंना सांग, थोरलीने घोट घेतला.

लोभ आहेच. आता तो मला स्वच्छ दिसतो.
कुमुदिनीआत्या