तुमची गॅसची गाडी आता मी चालवते

बाबा, आज सकाळी तुमच्या गाडीत गॅस भरून आणला. जवळचा पंप बंद झाला, त्यामुळे आता हायवेवर बरंच पुढे जावं लागतं, आणि तिथेही आपल्यासारखी एखादीच गाडी उभी असते. बाकी सगळे सीएनजीवाले. पंपावरच्या माणसाने नळी लावता लावता विचारलं, मॅडम, एवढी मोठी गाडी, अजून एलपीजीवर कशाला ठेवलीय? परवडते का? मी म्हटलं, नाही परवडत. त्याला ते विनोदी वाटलं. तुम्ही असतात तर त्याला तिथेच उभं करून हिशेब समजावला असतात, पेट्रोलवर ही कशी पाण्यासारखं पिते आणि गॅसवर कशी निम्म्या खर्चात पळते, आणि मागची रांग भोंगे वाजवत राहिली असती.

तो हिशेब मला पाठ आहे. लहानपणी तो ऐकतच मी झोपायचे. मुंबईच्या एका म्हाताऱ्या मालकाला ती पोसवेना म्हणून त्याने जवळजवळ फुकट काढून टाकली, आणि तुम्ही, वर्कशॉपमध्ये फिटरचं काम करणारा माणूस, ती नायगावात घेऊन आलात. पुढे एकसंध बाकासारखी सीट, आठ माणसं आरामात बसायची. मग तुम्ही तिला गॅस किट बसवलंत, डिकीत टाकी आली, आणि डिकीत पिशवी ठेवायलाही जागा उरली नाही. पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन गरम झालं की डॅशबोर्डवरचं बटण दाबून गॅसवर टाकायची. ते बटण दाबताना तुमच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते आमच्याकडे बघताना कधी आलं नाही. पुलावर चढताना ती दम टाकायची, तरी गावात तुमच्याइतकी लांब गाडी कुणाकडे नव्हती. खाडीवर रेतीचा धंदा करणारे शेठसुद्धा तुमच्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागले. स्वतःची गाडी घेईपर्यंत त्यांचं प्रत्येक कार्य तुमच्या गाडीने पार पडलं. तेही फुकट.

फुकट कसं, ते आईला विचारा. पंपाचा गॅससुद्धा तुम्हाला जड व्हायला लागला तेव्हा तुम्ही घरचा सिलिंडर मागच्या दारी, विहिरीच्या आडोशाला नेऊन उलटा टांगायला लागलात. नळी लावून स्वयंपाकघरातला गॅस गाडीच्या टाकीत. भडका उडाला असता तर आमच्यापैकी कुणी उरलं नसतं, पण तुमच्याआधी गावातल्या आणखी दोघातिघांनी हेच केलं होतं, त्यामुळे तुम्हाला ती अक्कलहुशारी वाटायची. सिलिंडर महिन्याच्या मध्येच संपायचा आणि आई चुलीवर यायची. ओल्या झावळ्या, धूर, तांदळाच्या भाकऱ्या थापताना सतत पदराने पुसलेले डोळे. शेगडी ओट्यावर पुसून ठेवलेली असायची, पाहुण्यांना दिसावी म्हणून. मी एकदा जेवताना म्हटलं की आईच्या भाकरीला धुराचा वास येतो, कारण तुमच्या गाडीला तिच्या शेगडीचा वास येतो. तुम्ही ताटावरून उठून माझ्या कानाखाली वाजवलीत आणि परत बसून जेवलात. मासळीचं कालवण होतं. ते तुम्ही दोनदा मागून घेतलंत.

तेही मी सोडून दिलं असतं. थप्पड कुणाला बसली नाही त्या काळात? पण तो दिवस मी सोडणार नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून तो मिटला असं समजू नका. सकाळी कामणपलीकडून, आईच्या माहेरून माणूस आला. आजीचं काही खरं नाही, लगेच निघा. आई चुलीपुढून उठली, हात धुतले, चांगलं लुगडं नेसली आणि तुम्हाला न विचारता जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसली. त्याआधी ती तिथे कधी बसली नव्हती. मी तिची पिशवी घेऊन मागे चढणार, तोवर तुम्ही झेंडूच्या माळा घेऊन घरातून बाहेर आलात. शेठच्या मुलीची हळद होती, आणि मामाकडची माणसं आणायला तुमची गाडी ठरलेली होती. तुम्ही दार उघडून धरलंत. आवाजही चढवला नाहीत.

"म्हातारी आज नाय जात. उतर."

आई उतरली. आम्ही रस्त्यावर जाऊन एसटीची वाट बघत बसलो, मग दुसरी एसटी, मग शेताच्या बांधावरून चालत. पोचलो तेव्हा अंगणात बायका केर काढत होत्या, कारण सगळं उरकून पुरुषमाणसं परतसुद्धा आली होती. आईला आजीचं तोंड बघायला मिळालं नाही. आणि तेव्हा तुमची गाडी शेठच्या मामेमंडळींना घेऊन वाजतगाजत गावात शिरत होती, माझ्या आईच्या शेगडीच्या गॅसवर. हे मी चिडून लिहितेय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

तुम्ही गेल्यावर सगळे म्हणाले, भंगारात द्या. मी दिली नाही. गाडी शिकले, नोकरी लागल्यावर इंजिन काढून नीट केलं, टाकीची तपासणी करून घेतली, कागदांवर माझं नाव चढवलं. आई आणि मी आता स्टेशनजवळच्या टॉवरमध्ये राहतो, आणि तुमची गाडी खालच्या पार्किंगमध्ये अर्धी दुसऱ्याच्या जागेत घुसते म्हणून सोसायटी माझ्याविरुद्ध तक्रारी करते. किट समजणारा मेकॅनिक शोधायला वसईभर फिरावं लागतं. पैसे वाचत नाहीत, बाबा. तुमचा सगळा हिशेब आता उलटा झालाय, आणि त्यात मला खरंच सुख मिळतं. तुम्ही एक फेरी जास्त मारू द्यायचा नाहीत. मी भाजीवाल्यासमोर इंजिन चालू ठेवून कोथिंबिरीच्या जुड्या निवडते.

मागच्या महिन्यात तुमचे शेठ घरी आले. थकलेत, काठी लागते. नातवाचं लग्न, आणि हल्लीच्या पोरांना वरातीत जुनी लांब गाडी हवी असते, फोटोंसाठी. पत्रिका आणि पेढे टेबलावर ठेवून त्यांनी तुमची आठवण काढली, तुमच्यासारखा दिलदार माणूस होणे नाही म्हणाले. मी पत्रिकेवरची तारीख बघितली आणि सांगितलं की त्या दिवशी गाडी मोकळी नाही, आईला माहेरी न्यायची आहे.

शेठ हसले. "माहेरी कोन र्‍हायलंय तिचे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "म्हणून तर आता उशीर व्हायची भीती नाही."

त्यांना तो हळदीचा दिवस आठवला की नाही, कुणास ठाऊक. आई आतून ऐकत होती. पेढ्यांचा बॉक्स तिने त्यांच्या हातात परत दिला, साखर झालीय म्हणाली. तिला साखर नाही.

लग्नाच्या दिवशी मी आईला पुढे बसवलं आणि खरंच कामणच्या रस्त्याला लागले. ट्रक, धूळ, दोन्ही बाजूंना गोदामं. आजीचं घर होतं तिथे निळ्या पत्र्याचं गोदाम आहे आणि दाराशी वॉचमन खुर्ची टाकून बसलेला. मला वाटलं होतं आई रडेल, उतरेल, निदान हात जोडेल. तिने काचेतून बघितलं आणि परत चल म्हणाली. मला थोडं फसल्यासारखं झालं. गाव जवळ आलं तशी ती सावरून बसली आणि म्हणाली, "शेठचे आळीतनं घे."

आळीत मंडप, डीजे, रस्त्यावर खुर्च्या. आपली गाडी बघून पोरांनी धावत खुर्च्या बाजूला केल्या, त्यांना वाटलं आम्ही वरातीला आलो. शेठ स्वतः हार घेऊन पुढे आले, तोंडभर हसत. आईने हँडल फिरवून काच खाली घेतली.

"गारी कामाला हाय, शेठ. मना पोरीनं फिराला नेलीय."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हॉर्न वाजव." मी वाजवला. आळी संपेपर्यंत हात काढला नाही. शेजारी आई पदर तोंडाला लावून हसत होती, इतकी की तिला ठसका लागला. मी समजत होते राग माझा एकटीचा आहे, आणि मी तो तिच्या वतीने सांभाळतेय. तिला माझ्या वतीची काही गरज नव्हती.

हे पत्र कुठे टाकणार मी? कपाटातच राहील. फक्त एक सांगते. त्या आळीतून जाताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तुम्ही जिवंत असायला हवे होतात असं मला वाटलं. मंडपाच्या तोंडाशी, शेठच्या शेजारी उभे. आई पुढच्या सीटवर बसलेली बघायला, दुसऱ्या कशासाठी नाही, असं मी इथे लिहिलं होतं. शेवटचे तीन शब्द नंतर खोडले.