पुण्याची बीअर आणि शाकंभरीचा मान

॥ श्री ॥

जवळा बाजार,
१६ नोव्हेंबर २००९

चि. सौ. कालिंदीस उद्धवदादाचे अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. तुमचंही क्षेम कळवत जा, पण खरं कळवत जा. हल्ली तुझ्या पत्रातलं क्षेम गाळून घ्यावं लागतं. फोन सोडून पत्र काहून, असं वाटेल तुला. घरात मोबाईल आहे, पण त्यावर आवाज यायला अंगणात उभं राहावं लागतं, आणि अंगण आपल्या तिन्ही भाऊबंदांचं आहे. जे लिहायचंय ते अंगणात ओरडण्यासारखं नाही.

काल देवीच्या देवळात पुण्याचे एक यजमान आले होते. अंगावर रेशमी झब्बा, आणि स्वतःचं गोत्र बायकोला विचारून सांगणारा माणूस. संकल्प चालू असताना त्यांना माझं आडनाव कळलं, तसं त्यांनी विचारलं की नीलांबरी तुमची कोण. मुलगी म्हटल्यावर त्या गृहस्थांनी मला हात जोडले आणि सांगितलं की ती फार उत्तम बीअर बनवते. देवीसमोर! माझ्या हातातली पळी हातातच राहिली. बाजूला आपला चुलतभाऊ रामकिशन कान टवकारून उभा होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठमोठ्याने मंत्र म्हणायला लागलो. त्याने नंतर विचारलंच, तेव्हा नीलू दुधाच्या डेअरीत कामाला आहे असं मी सांगून टाकलं. आता गावभर तेच चालू आहे.

पोरगी दोन वर्षं तुझ्या घरी राहते आणि तू मला लिहितेस की ती कंपनीत आहे. नांदेडला ठेवून तिला जंतूंचं शास्त्र शिकवलं, ते काय गुत्ता चालवायला? पुण्याच्या लोकांचं काय सांगावं! नळाचं पाणी गाळून पितात आणि सडवलेलं पाणी हौसेने पितात.

यंदा शाकंभरी नवरात्राचा मान तीन वर्षांनी आपल्या घराकडे आला आहे. पौर्णिमेचा साठ भाज्यांचा नैवेद्य घरच्या लेकीसुनांनी रांधायचा असतो, हे तुला सांगायला नको. नीलूने त्याला यायचं असेल तर नोकरी सोडून यावं, नाहीतर डेअरीचं नाव पक्कं धरून यावं. तिसरं काही मला चालणार नाही.

तुझ्यावर माया आहे म्हणून इतकंच लिहितो.

तुझा,
उद्धवदादा

॥ श्री ॥

पुणे,
२१ नोव्हेंबर २००९

ती. स्व. दादास कालिंदीचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चिमट्याने धरून वाचावं लागलं. बाकी आम्ही सगळे मजेत आहोत, आणि हे क्षेम न गाळता घे.

तू लिहिलंस गुत्ता. गुत्त्यावर एम.एस्सी. झालेली माणसं कामाला ठेवत नाहीत. मी गप्प राहिले, कारण नीलूनेच सांगितलं होतं की आत्या, बाबांना मी समोर बसून सांगेन. तुझ्या समोर बसायचं धाडस तिला अजून झालं नव्हतं. मला तरी कुठे होतं! लहानपणी तू मला सोवळ्यातल्या कपड्यांना हात लावला म्हणून दिवसभर ओट्यावर बसवलं होतंस. तो ओटा मला अजून थंड लागतो.

तुझं म्हणणं तिला वाचून दाखवलं. नोकरी सोडणार नाही असं ती म्हणाली. डेअरीचं ऐकून मात्र ताट सारून उठली. आता तूच ये. वहिनींना घेऊन ये, त्यांनी परभणीच्या पुढचं काय पाहिलंय? तुझा भाचा अनिरुद्ध रजा टाकतो आहे. तो तुम्हाला शनिवारवाडा, सारसबाग, कात्रजची सर्पबाग, वस्तुसंग्रहालय असं सगळं दाखवेल, आणि शेवटी नीलूचं ते हॉटेल. दचकू नकोस, तिथे लोक लेकराबाळांना घेऊन जेवायला येतात. मागच्या बाजूला काचेआड तिचं काम चालतं. आधी बघ आणि मग नाव ठेव. न बघता नाव ठेवायला रामकिशन आहेच.

येताना हुरड्याची नाही तर निदान ज्वारीच्या पापड्यांची आठवण ठेव. आमच्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
कालिंदी

॥ श्री ॥

जवळा बाजार,
७ डिसेंबर २००९

चि. सौ. कालिंदीस अ. उ. आ.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. तुझी वहिनी अजून पुण्याचं कौतुक करून राहिली आहे. मला कौतुक करण्यासारखं काही दिसलं नाही. अनिरुद्धाने फार धावपळ केली, पोरगं गुणी आहे. पण त्याने जे दाखवलं त्याला मी काय करू?

शनिवारवाडा म्हणून नेलं, तर भिंत आहे आणि वाडा नाही. ज्याचं काही उरलेलंच नाही ते बघायला माणसं रांग लावतात. वस्तुसंग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि पितळी डबे काचेत मांडलेत. तसले डबे आपल्या माळ्यावर पडले आहेत, आणि त्यांना कुणी पाटी लावलेली नाही. कात्रजला साप बघितले. आमच्या गोठ्यात यापेक्षा मोठा निघतो आणि त्याला खिडकीतून बघायला कुणी येत नाही. सारसबागेत तर गणपतीला स्वेटर! देवाला थंडी वाजते हे त्या शहराला कळलं, पण शेजाऱ्याचं नाव विचारलं तर सांगता येत नाही.

आता त्या जागेबद्दल. अंधार, गोंगाट, आणि लहान लेकरं बापाच्या पेल्यासमोर बटाटे खात बसलेली. याला कुटुंबवत्सल म्हणायचं! अनिरुद्धाने लाकडी फळीवर सहा इवले पेले मागवले, नमुने म्हणून. काळोखात तुझ्या वहिनीला वाटलं हे पाहुण्यांना तीर्थ आहे. तिने एक पेला उजव्या हाताच्या तळव्यात ओतून घेतला, घेऊन मोकळी झाली आणि हात डोक्यावरून फिरवला. शेजारच्या टेबलावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. ती म्हणाली की कडू आहे, पण काढ्याइतकं नाही.

नीलू आम्हाला बघून बाहेर आली. त्या टाकीत काय असतं ते सांगायला लागली. जव भिजवून मोड आणायचे, आपल्या घटात येतात तसेच. मी तिला सांगितलं की घटातले मोड आपण टोपीत खोवतो, पीत नाही. तरी म्हटलं, आलोच आहे तर आत जाऊन बघू. तुला ठाऊक आहे मी कसा वागतो ते. दाराशी चपला काढल्या, पाय पुसले आणि अनवाणी उंबरा ओलांडला.

आणि तिने मला अडवलं. बापाला! अनवाणी आत यायचं नाही म्हणे. रबरी बूट घाला, डोक्याला टोपी घाला, हात कोपरापर्यंत धुवा. बूट कोणाचे, तर सगळ्यांचे. कुणाकुणाचे पाय त्यात गेले असतील देवाला ठाऊक. जन्मभर मी लोकांना चपला काढून आत घेतलं, आणि माझी मुलगी मला बूट घालून आत ये म्हणते. मी घातले नाहीत. बाहेर येऊन बसलो, तुमच्या लाडक्या बीअरचा वास सोसत.

कालिंदी, मला तिच्या खोलीत जागा नाही, तर तिला माझ्या नैवेद्याच्या खोलीत का असावी? एवढंच विचारतो. अनिरुद्धाला आशीर्वाद, आणि तुझी माया अशीच राहू दे, ती तेवढी शहरी झालेली नाही.

तुझा,
उद्धवदादा

॥ श्री ॥

पुणे,
१२ डिसेंबर २००९

ती. स्व. बाबांस नीलांबरीचे शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्याने मला दिलं. वाचून मला राग आला, आणि तो लपवून लिहिणं मला जमणार नाही.

त्या फरशीवर उकळतं पाणी आणि धुण्याचं औषध सांडतं. मागच्या पावसाळ्यात एका कामगाराचे पाय भाजले. तुम्ही अनवाणी आलात तेव्हा मला तेच पाय आठवले, म्हणून मी आवाज चढवला. तुमच्या आधी अर्धा तास खुद्द मालक पाहुण्यांना घेऊन तसेच आत येत होते. त्यांनाही मी परत पाठवलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बाबा, दारात उभं राहून माणसाला परत पाठवायला मी कुठे शिकले असेन? कमरेचा चामडी पट्टा काढत नाही म्हणून तुम्ही एकदा फौजदाराला देवळाच्या पायरीवरून परत पाठवलं होतं. मी तेव्हा तुमच्या मागे हातात फुलांची परडी घेऊन उभी होते. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला होता की सांगता येत नाही.

शाकंभरी पौर्णिमा यंदा एकतीस डिसेंबरला आहे. आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तोच. तरी मी रजा मागितली आणि भांडून मिळवली. मला यायचंय. आईच्या शेजारी बसून भाज्या निवडायच्या आहेत. पण डेअरीतली मुलगी म्हणून मी येणार नाही. मी जे करते त्याची मला लाज वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर तसं कळवा, मी रजा परत करीन आणि पुन्हा विचारणार नाही.

तुमची माया मागते, ती मला न लपवता द्या.

तुमची,
नीलू

॥ श्री ॥

जवळा बाजार,
१९ डिसेंबर २००९

चि. नीलांबरीस बाबांचे अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. नंतर तिने मला चहा दिला नाही आणि काहून असं विचारायचीही सोय ठेवली नाही.

बीअरबद्दल माझं मत बदललेलं नाही. वाईट वस्तू आहे. पुण्याबद्दलही बदललेलं नाही. उकळत्या पाण्याचं मात्र तू मला तिथेच सांगायला हवं होतंस. मी बूट घातले असते. नाक मुरडून घातले असते, पण घातले असते.

काल उत्सवासाठी तिन्ही घरं ओसरीवर बसली होती. रामकिशनने सगळ्यांसमोर विचारलं की डेअरीतली पोरगी येऊन राहिली का. मी म्हणालो, येऊन राहिली, पण ती डेअरीत नाही. ती बीअर बनवते. डेअरीचं मी खोटं सांगितलं होतं. मग सगळे एकदमच बोलायला लागले. दारू गाळणाऱ्या हातची भाजी देवीला चालणार न्हाई, असं रामकिशनने ठणकावून सांगितलं. आरतीच्या वेळी ज्याच्या गालात तंबाखू असते, तो मला सोवळं शिकवत होता! बाकीचे माना हलवत होते. त्यांच्यातल्या एकालाही तुझ्यासारखं मालकाला दारातून परत पाठवता येणार नाही, उलट मालकाच्या चपला उचलून ठेवतील.

शेवटी त्यांनी तोड काढली. नीलूने यावं, पण रांधायच्या खोलीबाहेर बसावं, नाहीतर यंदाचा मान रामकिशनच्या घरी जावा. मी म्हटलं, घेऊन जा. ताम्हन, पळी, देवीच्या साडीची पेटी, सगळं तिथल्या तिथे त्याच्यासमोर ठेवलं. त्याला वाटलं नव्हतं मी देईन. मलाही वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर मला रडू आलं. मान गेल्याचं दुःख मोठं आहे, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण त्या माणसांत बसून तुला बाहेर बसवायला हो म्हणालो असतो, तर माझं मला तोंड दाखवता आलं नसतं. तू खोटं बोलली नाहीस आणि मी बोललो, हे मला फार लागलं आहे.

तुझी आई भाज्या गोळा करायला लागली आहे. साठ होतील की नाही ठाऊक नाही. तिचं म्हणणं आहे की देवी काही फक्त रामकिशनच्याच घरी जेवत नाही. तू परभणीला उतर, मी स्टेशनवर येतो. आत्यालाही घेऊन ये, तिला ओट्यावर बसवणार नाही.

बाकी बरं आहे. इकडची काळजी करू नकोस, आणि बापाचा लोभ धरून ठेव. एरवी नवरात्रात मी घरच्यांच्या पंगतीला कधी बसलो नाही, देवळातच असायचो. या पौर्णिमेला दिवसभर घरी आहे.

तुझे,
बाबा