डोळ्याखाली भोवरा असलेल्या घोडीची व्यवस्था

घडलेला क्रम असा आहे:

१. फेब्रुवारी १९८६. लहानपणच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. शस्त्रक्रिया लांबवता येईल, टाळता येणार नाही, असे त्यांचे मत पडले. मी कोणालाही कळवले नाही.

२. एप्रिल ते जून. माझे चुलते राजाराम काका आणि मी प्रदर्शनात उतरवण्याजोगे कॉनेमारा जातीचे तरुण तट्टू शोधत फिरलो. जात मूळची आयर्लंडची. सहा पाहिली, सहा नाकारली.

३. जूनअखेर. व्हरमाँटमध्ये डॉरथी नावाच्या बाईंच्या फार्मवर दोन वर्षांची घोडी पाहिली. डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे म्हणून काकांनी नको म्हटले. मी घेतली.

४. ऑगस्ट. पहिल्याच प्रदर्शनात तिचा दोर धरून दुडक्या चालीने पळताना मी रिंगणात कोसळले. झडपेची गोष्ट त्यामुळे सर्वांना कळली.

५. काका म्हणाले, "मी सांगितलं होतं." त्यांचे चिरंजीव शैलेंद्र यांनी मला न विचारता घोडी विकण्याची जाहिरात दिली. मी ती रद्द केली.

६. शस्त्रक्रिया २० ऑक्टोबरला आहे.

सबब मी, विनीता प्रताप घाटगे, वय २९, अविवाहित, धातुतपासणी अभियंता, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; बिघाड दुसरीकडे आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. सल्ले पुष्कळ आहेत. कायद्यासाठीची इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे. ही प्रत घरच्यांसाठी असून तिच्यात मजकूर जास्त आहे.

कलम १. बँकेतील शिल्लक निम्मी कोल्हापूरला आईस द्यावी, निम्मी घोडीच्या चाऱ्यासाठी, नालांसाठी आणि जनावरांच्या डॉक्टरांसाठी ठेवावी. आईला शस्त्रक्रियेबद्दल अद्याप काही माहीत नाही. नंतर मीच कळवीन. मला ते शक्य नसेल तर राजाराम काकांनी फोन करावा आणि मालिनी काकूंनी त्या वेळी त्यांच्या शेजारी उभे राहावे.

कलम २. माझी डॅटसन गाडी शैलेंद्र यास. ब्रेक नवे आहेत. जाहिरातीत त्याने घोडी पांढरी असल्याचे लिहिले होते. ती आज गडद करडी आहे. अशी करडी घोडी वर्षागणिक फिकट होत जाते. पांढरी व्हायला तिला आणखी पाच-सहा वर्षे लागतील. विकायला निघणाऱ्याने निदान एकदा जाऊन बघायला हवे होते.

कलम ३. शैला मावशींनी पाठवलेली स्थळांची पाकिटे त्यांना परत द्यावीत. फोटो सुस्थितीत आहेत. प्रेशर कुकरही त्यांनाच द्यावा. त्याची शिटी मी दुरुस्त केली आहे, आता ती वेळेवर वाजते.

कलम ४. मोजपट्टी, ओळंबा आणि खरारा राजाराम काकांस. याचे कारण सांगणे भाग आहे.

आजोबा एका संस्थानच्या पागेत मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखायचे. काकांचे लहानपण त्या पागेत गेले. मुलाकडे राहायला ते अमेरिकेत आले तेव्हा इथे त्यांना बोलायला फारसे कोणी नव्हते, आणि घोड्यांविषयी बोलायला तर कोणीच नाही. मी तट्टू घ्यायचे ठरवल्यावर ते दर शनिवारी तयार होऊन दारात उभे राहू लागले. पहिल्या तट्टूची मान आखूड निघाली, दुसरे मागच्या पायांत वाकडे. तिसऱ्याच्या मालकाला काका मराठीत म्हणाले, "अहो, ह्याला कशाला दाखवता, ह्यालाच लाज वाटतेय." तो मनुष्य थँक यू म्हणाला.

व्हरमाँटच्या घोडीला आम्ही दोन बाजूंनी लागलो. मी मागच्या पायाशी ओळंबा सोडला. काकांनी डोळे मिटून पुढच्या पायाच्या नळीवरून हात फिरवला.

"सरळ," मी म्हणाले.

"सरळ," ते म्हणाले. "आणि खांदा बघितलास? विने, असलं तट्टू बारा गावांत मिळायचं नाही."

मग ते तिच्या तोंडाशी गेले आणि लगेच मागे वळले.

"चल, गाडीत बस."

"काय झालं?"

"डोळ्याखाली भोवरा आहे. आसूढाळ म्हणतात ह्याला. मालकाला रडवतंय असलं जनावर. तुझ्या आजोबांनी असली घोडी पागेच्या दारातनं परत लावलीय."

"आत्ताच म्हणालात, बारा गावांत नाही."

"म्हणालो. अजून म्हणतो. म्हणून तर जीव तुटतोय."

"काका, मालकीण मी होणार. आणि मी रडत नाही."

"तेच तर. तू रडत नाहीस, ते सगळं आमच्या वाट्याला येतं."

ते काय म्हणत आहेत, असे डॉरथी यांनी विचारले. त्यांना घोडी आवडली आहे, असे मी सांगितले. ते खोटे नव्हते.

इतक्या लहान वयाची घोडी का, असेही त्यांनी विचारले. तयार घोडी मला नको होती. कारण एवढेच नोंदवते.

कलम ५. घोडीचे नाव गारगोटी ठेवले आहे. ते काकांचे गाव. "गावाचं नाव असल्या घोडीला?" एवढे म्हणून त्यांनी तेव्हापासून तबेल्यात पाऊल टाकलेले नाही. प्रदर्शनालाही ते कुंपणाबाहेर उभे होते. मात्र दर रविवारी मालिनी काकू माझ्या हातात गुळाची पुडी ठेवतात. "तुझ्यासाठी दिलाय ह्यांनी." मी गूळ खात नाही, हे त्या घरात सर्वांना ठाऊक आहे. खडे घोडीच्या तोंडात मावतील एवढेच फोडलेले असतात.

कलम ६. गारगोटी मी राजाराम काकांस देत आहे. त्यांनी नाकारल्यास ती डॉरथी यांच्याकडे परत जावी. त्यांना भोवऱ्याचा अर्थ सांगू नये.

पुढील मजकूर काकांसाठी आहे.

काका, वरचा क्रम पुन्हा पाहावा. झडप फेब्रुवारीतली आहे, घोडी जूनमधली. नवी झडप कशाची असेल, हे मी विचारून घेतले. साहित्याबद्दल माझी तक्रार नाही. रिंगणात मी पडले तेव्हा दोर सुटला होता. भोवती गर्दी आणि लाऊडस्पीकर असताना दोन वर्षांचे जनावर पळून जाते. ती मान खाली घालून माझ्यापाशी उभी राहिली. मला हे आठवत नाही. दवाखान्यात हे मला तुम्हीच सांगितले, आणि सांगताना "असलं जनावर" असा शब्द वापरला नाही.

भोवरा मालकाला रडवतो, हे तुमचे म्हणणे मी खोडत नाही. तपासायला माझ्याकडे एकच घोडी आहे. परंतु मी गेले, तर तुम्ही रडणारच आहात; भोवऱ्याला वेगळे काही करायला उरत नाही. मी परत आले, तर मालकीण मीच राहीन. मला बराच काळ पळता येणार नाही, तेव्हा दोर तुम्ही धरायचा आहे. ती पांढरी झालेली दोघांपैकी एकाने तरी पाहावी, अशी माझी इच्छा आहे.

येथे मजकूर संपला. खाडाखोड नाही.

सही: विनीता प्रताप घाटगे

साक्षीदार (दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही, दोघांनी मला सही करताना पाहिले):
१. मोहन कर्णिक, प्रयोगशाळेतील सहकारी
२. नीला देवस्थळी, शेजारीण

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
रविवार, २८ सप्टेंबर १९८६

राजाराम काकांस विनंती: घोडी घेणार की नाही, एवढे मला रविवार, १२ ऑक्टोबरपर्यंत कळवावे.