पोळ्याच्या दिवशीचं जू

नागपूर, ता. ८ जुलै १९५६

सौ. रुखमावहिनींस,
कमळाचा सा. न. वि. वि.

सुट्टीहून परतले. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रसूती विभागात नेमणूक झाली आहे. इथं रोज पाहते ते लिहीत नाही.

मी लिहून दिलेला कागद उंदरांनी खाल्ला नसेल अशी आशा आहे. तरी पुन्हा लिहिते. खुंटीवरच्या पिशवीत उकळून वाळवलेली फडकी, नवं पातं, दोरा आणि साबण आहे. ती दुसऱ्या कशाला उघडायची नाही. बैलबंडीत पेंढा आणि घोंगडी कायम असावी. सोनीबाई चांगली सुईण आहे, पण कळांच्या आधी रक्त दिसलं तर ते तिच्या हातातलं काम नाही. त्या वेळी कुणाचीही वाट पाहायची नाही. बैल जुंपायचे, पायांकडची बाजू उंच ठेवायची, गोंडपिपरी गाठायची आणि तिथून मोटारीनं चांद्याचा दवाखाना.

माझ्या हिशेबानं तुमच्या बाळंतपणाची तारीख १८ सप्टेंबर येते. दोन आठवडे मागेपुढे धरावेत. भाऊला दर रविवारी घड्याळ लावून बंडी जुंपायला सांगा. मी असताना एकवीस मिनिटं लागली होती. ती फार आहेत.

आई बाळंतपणात गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बंडी कुणाची मागावी, यातच सकाळ गेली होती. एवढंच कारण आहे. मला भित्री समजू नका.

ति. बाबांना शि. सा. न. माया आहे तशी असू द्यावी.

आपली,
कमळा


चिचटोला, ता. २९ जुलै १९५६

चि. कमळास,
रुखमाचा आशीर्वाद. वि. वि.

तुहं पत्र भेटलं. कागद उंदरानं नाई खाल्ला. मामाजीनं तो देव्हाऱ्याच्या बाजूले चिकटवला. सकाळी देवासंगं त्यालेबी हात जोडतेत का काय तुहे बाबा, मले संशय येते.

तुह्या भावाची कसरत पाहाले रविवारी अख्खं गाव जमते. घड्याळ गुरुजीचं, बैल आपले, अन् बिमार मी. मी पेंढ्यावर निजते अन् शेजारचे मुखरूभाऊ इचारतेत का या बंडीचं तिकीट कुठी भेटते. आता नऊ मिनटं लागतेत. मोऱ्या बैल तं घड्याळ दिसलं का आपणच मान खाली घालते. सोनीबाई पुसत होती, तुही नणंद नर्स हाय का दरोगा. मी म्हटलं, दोनीबी.

काळजी नको करू. रक्त दिसलं तं थांबाचं नाई, हे मले झोपेत इचारलं तरी सांगीन.

पोळ्याले येशील का? मामाजीनं शिंगाचा रंग आत्ताच आणून ठेवला. त्या दिवशी तं ते बैलावर माशीबी बसू देत नाईत, जू तं लांबच.

आमची आठवण मेडिकलच्या पुस्तकात दाबून ठेवू नको.

तुही वहिनी,
रुखमा


चिचटोला, ता. ९ सप्टेंबर १९५६

चि. कमळास,
लटारूचा आशीर्वाद.

तार भेटल्यावर तू सगळं वेळेसकट कळवा म्हणून लिहिलं, म्हणून लिहितो.

मंगळवारी पोळा होता. रुखमाले सकाळीच रक्त दिसलं. हे आमाले मागून कळलं. दिवसभर तिनं पुरण शिजवलं, पोळ्या केल्या. बैल तोरणाखालून घरी आले तं त्याईचे पाय धुतले, ओवाळलं, घास देल्ला. मंग ताट ठेवाले वाकली, ती खालीच बसली. अंगण लाल झालं.

मी बाबाकडे पाह्यलं. बाबानं मोऱ्याच्या शिंगाचं बेगड ओरबाडून काढलं, झूल फेकली अन् आपल्या हातानं जू चढवलं. नऊ मिनटंबी नाई लागली. पायाकडची बाजू उंच केली. तू सांगितलं ते सगळं केलं.

नाल्यापाशी ती गेली. लेकरू पोटातच.

वाटेत सोनीबाईनं पुसलं, सकाळीच काऊन नाई सांगितलं. तं म्हणे, पोळ्याच्या दिवशी मामाजीच्या बैलाले जू लावाले कोण्या तोंडानं सांगू. बैलाची पूजा झाली का सांगीन, असं मनात होतं.

बाबा जेवत नाईत. तू तरी जेवत जा.

तुहा भाऊ,
लटारू


नागपूर, ता. १६ सप्टेंबर १९५६

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊचं पत्र मिळालं.

चूक माझी आहे. ती कुठं झाली ते सांगते. अठरातून दोन आठवड्यांचे चौदा दिवस वजा केले की चार उरतात. चार तारखेला पोळा होता. पंचांग आमच्या वसतिगृहात दारामागं टांगलेलं असतं. मी ते उघडलं नाही. वहिनींनी पत्रात पोळ्याचं लिहिलं होतं. मी हसले आणि पत्र पेटीत ठेवलं. बैल जुंपायचे असं लिहून मोकळी झाले. ज्यांचे बैल, त्यांना पोळ्याला जुंपाल का हे विचारलं नाही.

ते आता विचारते. वहिनींनी सकाळी सांगितलं असतं तर आपण बैल जुंपले असते का? उत्तर काहीही असलं तरी मी आपलीच मुलगी आहे. मला फक्त खरं हवं आहे.

खुंटीवरची पिशवी काढू नये.

परवा अठरा तारीख. त्या दिवशी मी जास्तीची पाळी मागून घेतली आहे.

रागवा, पण परकी करू नका.

आपली,
कमळा


चिचटोला, ता. २७ ऑगस्ट १९५७

चि. कमळास,
रामाजीचा आशीर्वाद. मी बोलतो तसं गुरुजी लिहून राह्यले.

तुह्या पत्राले वर्ष होत आलं. लटारूच्या हातानं खुशाली कळवत गेलो, उत्तर नाई देल्लं. जुंपले असते म्हणून लिहिणं सोपं होतं. पण त्या सकाळी गाव तोरण बांधून राह्यलं होतं, मी बैल धुवाले नदीवर नेले होते. तिनं सांगितलं असतं तं मी जुंपले असते, का सांजवरी दम धर म्हटलं असतं, मले मालूम नाई. सांजेले जुंपले, कारण पूजा झाली होती अन् रक्त डोळ्यानं दिसलं. ती मले चुकीचं समजली, असं म्हणाची माही छाती होत नाई.

आता पोळा झाला. मुखरूची सून मंगली दिवसाची हाय, कवाबी बाळंत होईन. आपली जोडी मी तोरणात नाई नेली, शिंगंबी नाई रंगवली. उजाडताच जू चढवून बंडी मुखरूच्या दारात उभी केली, का ऐन वेळी कोणाले काई इचारावं लागू नये. मीबी चाक धरून तिथीच बसलो. पाटील म्हणे, रामाजी, म्हातारपणी धरम सोडला. मी म्हटलं, मागल्या साली धरला होता, जाऊन घर पाहून या.

बंडी लागली नाई. मंगली अजून हिंडून राह्यली. दिवस मावळल्यावर जू काढलं. लटारू ताट घेऊन आला, पण त्याले ओवाळता नाई आलं. ताट धरून उभा राह्यला, दिवा विझला. मी बैलाचे पाय धुतले अन् तसंच दावणीले बांधलं.

तुही पिशवी खुंटीवर हाय. फडकी सोनीबाईनं पुन्हा उकळली.

पुढच्या पोळ्याले सुट्टी भेटली तं ये, बाई. बैलाले ओवाळाले घरात कोणी नाई.

तुहा बाप,
रामाजी